संदर्भसूची

अर्जुनी मोरगावच्या कॉलेजात एम.एस्सी.ची सात पोरं,
प्रोजेक्टर एक, तोही प्राचार्यांच्या कपाटात.

मी फळ्यावर लिहितो : प्रश्न. उद्दिष्टे. पद्धत. खर्च.
खर्चाशी आलो की सगळ्यांच्या वह्या उघडतात.

प्रणोती नान्हे मागच्या बाकावरून विचारते,
‘संशोधनातली उणीव म्हंजे का होय जी?’
मी सांगतो, जे अजून कुणी विचारलं नाही ते.
ती पेनाचं टोपण चावत राहते.

सोमवारी तिचा प्रस्ताव येतो. दीड पान.
तलावातल्या माशांची जुनी यादी तिने मिळवली आहे,
शेवटच्या रकान्यात अकरा वेळा छापलंय :
स्थानिक नाव उपलब्ध नाही.
खाली निळ्या शाईत तिचं एकच वाक्य :
‘आमच्या घरी उपलब्ध आहे.’

मी ‘आमच्या घरी’ खोडलं. सवयीने.
मग खोडलेलं पुन्हा लिहिलं.

सादरीकरणाच्या दिवशी वीज गेली.
ती आधी भिंतीशीच बोलली; मी खुणावलं, इकडे बघ.
मग बोटांवर मोजत : दाडक. शिंगूर. बोटरी. कटवा.
नागपूरहून आलेले परीक्षक म्हणाले, आधार?
‘माय.’
कुणीतरी हसलं. ती नाही.

रात्री नियमपुस्तिका चाळतो.
तोंडी माहितीचा नमुना सापडतो, पान एकाहत्तर :
आडनाव, नाव, ठिकाण, तारीख.
फोन लावला. ठिकाण, तलावाची पाळ.
तारखेशी ती अडली :
‘कोणती टाकू सर?
माय तं रोजच सांगते.’