स्टॅन्टन

खडकीच्या गोऱ्यांच्या दफनभूमीत
तिसऱ्या रांगेत दगडफूल खरवडलं
तेव्हा अक्षरं निघाली: स्टॅन्टन.

खापरपणती आली होती त्याची, मार्चात,
नाक उन्हानं सोललेलं.
म्हणाली, स्टॅन म्हणजे दगड, टन म्हणजे वाडी.
तशी गावं तिकडे पैशाला पासरी,
आमचं त्यातलं कुठलं, कुणालाच ठाऊक नाही.

तुमचं आडनाव?
पाषाणकर.
गाव इथून दोन बस.
आमच्या वावरात आता बारा मजले आहेत,
फाटकावरचा पोरगा विचारतो, कुणाकडे जायचंय?

ती हसेल वाटलं. हसली नाही.
दगडावर हात ठेवून उभी राहिली, तो तापला होता तरी.

निघताना वहीत सही केली.
गावाच्या रकान्यात पेन थोडा वेळ अडलं,
मग लिहिलं: खडकी.
मी खोडलं नाही.