जे. बर्न, गोल

मनाम्याच्या क्लबात फोटो आहे अजून.
मागच्या रांगेत डावीकडून तिसरा,
खाली टाइप केलंय: जे. बर्न, गोल.
तो जैनुद्दीन बुरोंडकर.
आडनाव आयरिश तोंडांत बसेना,
म्हणून बर्न म्हणाले.
तिकडं बर्न पैशाला पासरी.

सित्र्याला, रिफायनरीमागं,
वाळूवर जळकं तेल शिंपून दाबलेलं मैदान.
गोलाचे खांब त्यानंच जोडलेले, भंगारातल्या पायपांचे:
दोन उभे, मध्ये एक आडवा, इंग्रजी एचसारखे.
एका शुक्रवारी गडी कमी पडला.
फिंटन इंजिनियर म्हणाला,
वेल्डिंग तुझी, तूच राख.

डब्याच्या झाकणावर खडूनं नियम काढून दिले.
आडव्या पायपाखालून गेला तर तीन,
वरून गेला तर एक.
चेंडू धरलास की चौघं अंगावर येतील,
तुझ्यासकट आत ढकलायला.
आणि हे बघ,
वरून जाईल तो तुझा नाही.
त्याच्याकडं बघायचंसुद्धा नाही.

दोह्याहून आलेल्या पंचानं विचारलं, काउंटी कुठली?
दापोली, म्हणाला.
पंचानं मान डोलावली. पश्चिमेकडची असेल.
होतीच की.

नऊ वर्षं उभा राहिला.
जाळी ओढून घट्टे पडलेले हात;
चेंडू छातीशी घ्यायचा
होडीतून पोर उतरवून घेतात तसा.
दोन बरगड्या गेल्या, एक दात,
उजवं बोट कायमचं वाकडं.
तूप काढायला बरं, म्हणायचा.

मी त्याचा खोलीवाला. मला खेळ कधी कळला नाही.
त्याचं घड्याळ आणि चपला सांभाळत
गोलामागं बसायचो,
आणि वरून गेलेला चेंडू
कुंपणापलीकडून, खाऱ्या झुडपांतून
शोधून आणायचो.
तो वळून बघत नसे.
नुसता हात मागं करायचा.

अब्बा गेल्याची तार चार दिवस उशिरा आली,
माती कधीच झालेली.
त्यानं वाचली, घडी घातली,
पासपोर्टात ठेवली.
बाहेर मिनी बस हॉर्न देत होती, शुक्रवारच होता.
बूट बांधता बांधता म्हणाला,
वरून गेला.

आणि मी, काय सांगू,
सवयीनं उठलो,
दारापर्यंत गेलोसुद्धा,
आणायला.