एकशे अठ्ठावीस

इंदोऱ्यातली खोली, मे महिना, रात्रीचे दोन.
कूलर बंद ठेवलाय,
त्याची घरघर हेडफोनमध्ये शिरते म्हणून.
समोर हवानातली एक जुनी रात्र
हिरव्या रेघांत आडवी पडलेली,
तिला शनिवारी वर्धा रोडवर उभी करायची आहे.

मूळ चाल एकशे चार.
क्लबला लागते एकशे अठ्ठावीस.
ताणलं की गायक चिमणीसारखा बोलतो,
सोडलं की पोरं बारकडे वळतात.
काँगा ठेवला. बासरी अर्धी.
खाली ठोक दिला सरळ, चार-चार,
पण त्या दोन लाकडी काड्या
बसायलाच तयार नाहीत:
तीन. थांबून, दोन.
ओढून रेघेवर आणल्या, तर मेल्या.

वरच्या मजल्यावरचे उकेकाका दारात,
वरातीच्या बँडात बत्तीस वर्षं ट्रम्पेट,
आता दात नाहीत, झोपही नाही.
"काऊन बे, त्याले सरळ काहाले करतं?
लंगडू दे.
लंगडते म्हनून तं नाचते."

शनिवारी तिसऱ्या मिनिटाला
ठोक काढून घेतला, आठ मात्रा.
नुसत्या काड्या,
आणि गाण्याआधी त्या माणसानं घेतलेला श्वास,
जो मी तीनदा पुसून परत लावला होता.
अख्खा फ्लोअर एक पाय उचलून थांबला.
फाटक्या बुटांची एक मुलगी तेवढी
बरोबर दोनवर उतरली.

सकाळी काकांना पाठवलं.
अंगठा आला. मग खाली:
"गानारा हाये का अजून?"

मी कुठं शोधलं होतं.