सॉनापर्यंत

सव्वीस वर्षं ट्रक हाकला मी.
जाताना एस्टोनियाचं लाकूड,
येताना स्पेनची संत्री.
आल्प्स पाहिले, काचेवर मेलेल्या माश्यांच्या मधून.
समुद्रही पाहिले:
थांब्याची पंचेचाळीस मिनिटं यंत्र मोजायचं,
वीस झोपेत, दहा कॉफीच्या रांगेत,
उरलेल्या पंधरांत समुद्र.
बहीण म्हणायची, आदोच्या पायाला भिंगरी आहे.
कसली भिंगरी?
पाय तर सव्वीस वर्षं एकाच पेडलवर होता.

हेल्वे कुठे गेली नाही.
पार्नूला गेली दोनदा, दाढ काढायला,
आणि दोन्ही वेळा दुपारच्याच बसने परतली.

इथे चार ऋतूंवर एक वरकड आहे.
मार्च सरता सरता बर्फ सुटतं,
नदीला उतार नाही, जायचं कुठे तिला कळत नाही,
मग ती घरोघर जाते.
यंदा हल्लिस्ते आमच्या स्वयंपाकघराच्या
तिसऱ्या पायरीवर येऊन टेकली.
हेल्वेनं होडी दाराच्या कडीला बांधली.
होडी बापाच्या हातची: एक अख्खं झाड
आतून कोरलेलं, विस्तवावर धरून
हळूहळू उलगडलेलं, मूठ उलगडावी तसं.
“बस,” म्हणाली. “मधोमध बस, लठ्ठ झालायस.”

निघालो.
खाली बटाट्याचा वाफा,
मागच्या सालचं गवत, कुणी विंचरल्यासारखं एका बाजूला.
बाक. बाकाखाली माझा हरवलेला हातमोजा.
फाटक बंद होतं,
आम्ही त्याच्यावरून गेलो.
सफरचंदाच्या ज्या फांद्यांवर
आजवर फक्त साळुंक्या बसल्या
त्यांनी माझी टोपी काढून घेतली.
लाकडांच्या राशीवर एक ससा,
कान पाठीला चिकटवून, डोळे आमच्यावर.
हेल्वेनं वल्हं दुसऱ्या हाताला घेतलं,
त्याला वळसा घालून गेली.
मला आठवलं, मी कशालाच कधी
वळसा घातला नव्हता.

वर काहीतरी बें बें करू लागलं.
आभाळातला बोकड, आमच्याकडे असंच म्हणतात;
असतो एक मूठभर पक्षी, शेपटीतून वारा घासत खाली येणारा.
लहानपणी ऐकला होता.
मधल्या वर्षांत तो ओरडत नव्हता असं थोडंच आहे.

कोठाराच्या दारावर खाचा:
दर साली पाणी कुठवर आलं ते.
सगळ्यात वरच्या खाचेवर हेल्वेनं बोट ठेवलं.
“तेव्हा तुला फोन केला होता.
तू म्हणालास, आवाज तुटतोय,
सारागोसाला पोचल्यावर बोलू.”
मी काही बोललो नाही.
वल्ह्यावरून पाणी टपकत राहिलं.

सॉनाचं फक्त छप्पर वर होतं.
त्याच्यावर हात ठेवला. ऊन लागून गरम झालेलं.
म्हणजे सॉना चालूच होता, एका अर्थी.
हेल्वे हसली, मग तिला खोकला आला,
मग दोघंही बराच वेळ
छप्पर धरून बसून राहिलो,
एखाद्या म्हाताऱ्या गाईला धरावं तसं.

रात्री जुनी ट्रकची वही काढली.
निघालो: स्वयंपाकघर.
पोचलो: सॉना.
अंतर: ऐंशी मीटर.
वेळ: अडीच तास.
विश्रांतीच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना,
तो तसाच ठेवला.

पाणी आता उतरतंय.
चिखल आहे, कुंपणाचे तीन खांब गेलेत,
बटाटे उशिरा लागतील, टोपी सापडली नाही.
सशाला हेल्वे सकाळी गाजर टाकून आली,
म्हणाली, तो तिथे नव्हता, पण टाकून आले.

काल कंपनीचा फोन आला.
एक ड्रायव्हर कमी आहे, पोर्तोची एकच फेरी.
बघतो, म्हणालो.

खरंच बघतोय.
पायरीवर बसलोय सकाळपासून.
दुसरी पायरी अर्धी वर आली आहे.