व्हिसेरा राखून ठेवला आहे

कळंब्याच्या फाटकातनं तो सुटला तेव्हा
सव्वासात वाजले होते.
कागद दुपारीच आला होता म्हणे,
सही राहिली होती.
मी दोन वडापाव घेऊन उभी,
एक गार झाला म्हणून मीच खाल्ला.

हातात पिशवी: टॉवेल, कमरेचा पट्टा,
अकरा रुपये, सहीनिशी परत.
चिठ्ठी नाही,
अमक्या खिडकीवर जा, असं कुणी सांगितलं नाही.
तब्येत बरी दिसत होती.
गालावर मांस आलं होतं,
मी दृष्ट काढली.

आधी नुसती पाठ होती.
शिरोलीच्या फौंड्रीत साच्याची पेटी उचलताना
मणक्यात काहीतरी कट् म्हणालं.
ठेकेदार म्हणाला, कार्ड कायमच्या माणसांना.
सीपीआरला केसपेपर काढायचा तर खाडा,
आणि खाडा पडला तर
गेटवर दुसरा उभाच असतो.
कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं
कात्रीनं पट्टी कापली,
दोन गोळ्या, बिल नाही.
"खा, भारीतली आहे."
पाठ गप्प झाली.
वर्षभरानं, गोळी नसली की
पाठ सोडून सगळंच दुखायचं.

पकडला तेव्हा खिशात चाळीस होत्या.
आठ विकायच्या, म्हणजे बाकीच्या परवडायच्या.
कागदावर तेवढं "विकत होता" आलं.
मेडिकलवाल्याचं नाव
लिहिणाऱ्याच्या पेनातनं काही उतरलं नाही.

बराकीत पहिले सहा दिवस
नाक गळायचं, अंगावर काटा,
पोटाचं पाणी पाणी.
जागा संडासाला लागून मिळाली,
"सोयीचीच की गं," तो जाळीपलीकडनं हसला.
कंपाउंडरनं तापाची गोळी दिली
आणि म्हणाला, नाटकं.
चार महिन्यांत अंगानं सगळं सोडलं,
कुणी सोडवलं नाही,
आपलं आपण.

तिसऱ्या रात्री
अंग विसरलं होतं.
हात विसरला नव्हता.
हातानं जुनंच माप घेतलं.

मी सीपीआरमध्ये फरशी पुसते, ठेक्यावर.
त्या रात्री पाळी होती.
स्ट्रेचरचं चाक ओल्या फरशीवरनं गेलं,
काळी रेघ उमटली,
सवयीनं मी ती पुसली.
मग तोंड बघितलं.

ओठ जांभळीच्या रंगाचे.

नंतर सिस्टर म्हणाल्या, एक इंजेक्शन असतं,
वेळेत टोचलं तर श्वास माघारी येतो.
दाखवली त्यांनी कुपी,
करंगळीएवढी.
त्या कपाटाची काच
दर मंगळवारी मीच पुसते.
आमच्या गल्लीपासनं कपाट दोन किलोमीटर,
आणि रिक्षावाला म्हणाला होता,
पिऊन पडलाय, उलटी केली तर धुणार कोण?

मी धुतली असती.
मी दुसरं काय करते?

कागदावर लिहिलंय:
तिमण्णा हणमंता धोत्रे, वय एकोणतीस,
मृत्यूचं कारण: व्हिसेरा राखून ठेवला आहे.
दोनदा वाचलं.
जातीच्या दाखल्याला एकसष्ट सालच्या आधीचा पुरावा मागितला होता,
आज्यानं फोडलेले दगड रंकाळ्याच्या कडेला बसलेत,
दगडावर त्याची सही नाही,
दाखला निघाला नाही.
आमच्यासाठी काही राखून ठेवल्याचं
लेखी मिळालं ते हेच.

बरणीत घालून पुण्याला धाडलंय.
अहवाल यायचाय.
आई विचारते, एवढा वेळ काय शोधत असतील?

काल हवालदार समन्स घेऊन आला.
सत्तावीस तारखेला आरोपीनं जातीनं हजर राहावं.
उंबऱ्याबाहेरनंच म्हणाला,
"हाय का घरात?"

मी फडकं पिळलं, दोरीवर टाकलं.
म्हटलं,
थोडा पुण्याला गेलाय.