एका बाजूचेच मोजायचे

डिचोलीच्या बसस्टँडमागे आमचं गॅरेज.
खाणीचे ट्रक थांबून किती वर्षं झाली,
पत्र्यावरची लाल धूळ काही उतरली नाही.
तिथे इनास रेबेलोची पायलट उभी, दोन दिवस.
पिवळं मडगार्ड, जुना कॅलिपर एका पिस्टनचा,
चौतीसचा, गंजून अर्धा झोपलेला.
नवा आणलाय म्हापशाच्या भंगारातून:
दोन पिस्टन इकडे, दोन तिकडे, प्रत्येक तीसचा,
कुणा पर्यटकाच्या मोडलेल्या गाडीचा.
त्याचं पुढे काय झालं विचारलं नाही.
भंगारवाल्याला असलं विचारत नाहीत.

बसवला. लिव्हर दाबली
तर आली थेट मुठीपर्यंत,
चहात बुडवलेल्या उंड्यासारखी.
तीनदा हवा काढली. एक बुडबुडा नाही.
म्हणजे खोट वरच्या अकराच्या मास्टरात,
तांब्याने हौद भरायला निघालेले आम्ही.

गुरुदासने हिशेब मांडला कॅलेंडरच्या पाठीवर:
तीसचा वर्ग नऊशे, पिस्टन चार, छत्तीसशे.
आणि शोधून आणला साडेसतराचा मास्टर.
आता लिव्हर म्हणजे चिऱ्याचा दगड.
मी दाबतेय, दाबतेय,
चाक आपलं फिरतंय.

"अरे, समोरासमोरचे ते.
इकडचा जेवढा रेटतो तेवढाच तिकडचा अडवतो,
मध्ये डिस्क.
एका बाजूचेच मोजायचे."
मला हे बाबांनी सांगितलं होतं,
सरकत्या कॅलिपरची पिन पुसताना:
हा बघ, याला पिस्टन एकाच अंगाला,
दुसऱ्या अंगाचं काम स्वतःच सरकून करतो.
आई गेली त्या वर्षी सांगितलं होतं.
मी फक्त पिस्टनांचं ऐकलं.

तर, अठराशे.
भागिले चौदाचा वर्ग: नऊच्या जरा वर.
जुन्या जोडीचं साडेनऊ. जमलं.
चौदाचा बसवला, लिव्हर अगदी पुस्तकातली.

मग इनास आला आणि उजवा हात पुढे केला.
करंगळी नाही, तिच्या शेजारचं बोट नाही,
कुटबणच्या ट्रॉलरवर दोरखंडाने नेलेली.
उरलेल्या दोन बोटांनी दाबलं.
बोलला काही नाही,
फक्त खालचा ओठ आत घेतला.

कोष्टकात हात धरलेलाच नसतो.

पुन्हा सगळं खोललं. अर्ध्या इंचाचा घेतला.
गुणोत्तर अकरा.
लिव्हर थोडी लांब जाईल, पण हलकी जाईल.
तेल ओतताना गुरुदास झाकण हातात धरूनच उभा;
ते हवेतलं पाणी पितं,
आणि आमच्याकडची हवा म्हणजे पाणीच.

चाचणीला मी मागे बसले.
मये तळ्याच्या उतारावर
आडव्या आल्या दोन म्हशी, सावकाश,
रस्ता वाडवडिलांनी त्यांच्या नावे केल्यासारख्या.
इनासने दोन बोटं मिटली.
मागे माझीही मिटली,
रिकाम्या हवेत, बरोबर तेवढीच.

"रावली गो, बाये," तो म्हणाला.
म्हशी गेल्या तरी जरा वेळ तिथेच उभे होतो.

बिलात मास्टर एकच लावला.
चौदाचा कुणीतरी नेईल.
साडेसतराचा फळीवर आहे, कापडात गुंडाळून.
त्याच्या जोडीचं काही
येईल कधीतरी.