चारशे तेरावी ओळ

रात्री पावणेदोन. खराडी, सातवा मजला.
अकरा हजार माणसांच्या फेब्रुवारीच्या पगारात
एक रुपया जास्त येत होता
आणि टीममधली तीन पोरं
लग्नात चप्पल हरवल्यासारखी एकमेकांकडे बघत होती.

मी इतिहास उघडला.
कुठली ओळ कुणी लिहिली ते सांगणाऱ्या आज्ञेला
आमच्यात ‘ब्लेम’ म्हणतात. दोष.
दुसरा शब्द कुणाला सुचला नाही.

ओळ चारशे बारा: हेमांगी भोईटे, सहा वर्षांपूर्वी.
तिच्या हातची टीप, रोमन लिपीत मराठी:
फेब्रुवारीला कधीकधी एकोणतीस दिवस असतात.
कॅलेंडर बघायला पैसे पडत नाहीत.
खालची ओळ काढल्यास परिणामांना आपण जबाबदार.

सदाशिव पेठेतल्या फाटकावर शोभली असती.
टीप शाबूत होती. खालची ओळ
गेल्या महिन्यात कुणीतरी ‘नीटनेटकेपणासाठी’ उडवली होती.
जुन्या प्रतीतून बघून मी ती परत लिहिली.
रुपया जागेवर गेला.

कॅबची वाट बघताना नव्या रेहाना तांबोळीनं विचारलं,
“मॅडम, या हेमांगी आता कुठे असतात?”

मला माहीत होतं.
तिच्या राजीनाम्यावर सही माझी आहे.

मंगळवारची मीटिंग साडेसहाला.
हडपसरच्या पाळणाघराला सातला कुलूप.
सव्वासहापासून तिची खुर्ची कुरकुरायची
आणि तो आवाज मला ओळखीचा होता.
त्याच आवाजाला तेल घालत घालत मी वर आले होते.
तिलाही युक्ती शिकवली, मायेनं:
पर्स टेबलावर ठेवून निघ,
लोकांना वाटेल, आहे इथेच कुठेतरी.

दोन वर्षं तिची पर्स ऑफिसात राहिली,
ती पैसे कंपासपेटीत घेऊन रिक्षा पकडायची.

जातानाच्या फॉर्ममध्ये कारणाचे चार पर्याय होते.
साडेसहाची मीटिंग, हा त्यात नव्हता.
तिनं ‘कौटुंबिक’वर खूण केली.
आम्ही केक कापला. केकवर हिमांगी लिहिलं होतं.

रविवारी धायरीला गेले.
बाहेरच्या खोलीत सातवीची नऊ पोरं अपूर्णांक सोडवत होती,
फळ्यावर तेच अक्षर, तसंच डावीकडे झुकलेलं.
टीपेचं सांगितलं तर इतकी हसली
की पोरांनी पेन्सिली खाली ठेवल्या.
“ती अजून आहे?”
“तीच आहे फक्त.”

मग मी मोठ्या पगाराचं बोलले, घरून कामाचं बोलले,
कंपनीनं बायकांसाठी काढलेल्या योजनेचं बोलले,
जांभळा लोगो आहे, तेही बोलले.
ती चहा गाळत ऐकत होती.
“मीटिंग कितीला असते आता?”

मी संचालक होऊन तीन वर्षं झाली होती.
मीटिंग मीच ठरवते.
“साडेसहाला,” म्हटलं.

ती काही बोलली नाही. बशी पुढे सरकवली.
आत कुणीतरी विचारत होतं,
बाई, छेद सारखे नसले तर बेरीज कशी करायची?
ती उठून आत गेली.

परत येताना राजाराम पुलाच्या अलीकडे
गाडी कडेला घेतली, ब्लिंकर लावून,
आणि मंगळवार सकाळी अकरावर नेला.
दोन बोटं, एक मिनिट. सहा वर्षं कशात गेली, देव जाणे.
बत्तीस जणांना निरोप गेला.
चौथ्या सेकंदाला पहिला होकार आला:
रेहाना.
तिची खुर्चीही कुरकुरत होती, हे मला तेव्हा कळलं.

हेमांगीकडून अजून काही नाही.
फोन मी रोज करत नाही, दर शुक्रवारी करते.

आणि ती ओळ मी परत लिहिली ना,
म्हणून आता इतिहास उघडला
की चारशे बारापुढे तिचं नाव येतं, चारशे तेरापुढे माझं.
दोष: मी.
यंत्राचं काही चुकलेलं नाही.